मुशीतलं सोनं आन् पोरीचं नाणं

पोरीचा पगार ज्या दिवशी यायचा, त्याच दिवशी जावयाचा फोन यायचा. एकदा झालं तवा वाटलं, आसंल. चारदा झालं तवा मी आजूबाजूच्या माणसांकडं बघायला लागले.

पोरगी सातारचं घर सोडून आटपाडीला माझ्याकडं आलीवती. जावयानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तवा आली. पुढच्या खोलीत कंप्युटर मांडून परदेशातल्या लोकांचं काम करायची. त्ये लोक तिला बिटकॉइन द्यायचे. नाणं म्हणायचं, पण हातात धरता येत न्हाई. लागंल तेवढं मोडून ती बँकेत आणायची, त्यावर आमचं दोघींचं चालायचं. सरकारचा कर भरायची, कागद फायलीत लावून ठेवायची. लपवायचं व्हतं त्ये एकट्या जावयापासनं.

आन् त्यालाच सगळं ठावं. किती आलं, कवा आलं, किती मोडलं. फोनवर आवाज चढवायचा न्हाई. म्हणला, "अजून दोनदा पगार येऊंदे. मग तुलाच न्यायला येतो."

त्या दिवसापासनं मी दाराला आतनं कडी लावायला लागले. माझा संशय शेजारच्या भाभीवर. भाभी बांगड्या भरायची, जत्रंच्या दिवसांत साताऱ्याकडंबी जायची. ताक न्यायला आली की पोरीच्या कंप्युटरजवळ टेकायची. माझ्या मनात पक्कं बसलं, हीच सांगती. मी ताक द्यायचं बंद केलं, खिडकीला पडदा लावला. बाजारात ती समोर आली की मी पदर पुढं ओढून निघून जायची. दीड म्हयना आसं. तिनं एकदा इचारलं, आक्का, माझं काय चुकलं? मी दार लावून घेतलं.

मग एक दिवस पोरगीच म्हणली, "आये, भाभी न्हाई. त्याला घरबसल्या दिसतंय."

तिनं समजावलं. ह्या नाण्याचा एक पत्ता आसतो. त्या पत्त्यावर काय आलं, काय गेलं, त्ये साऱ्या जगाला उघडं दिसतं. नाव तेवढं लिवलेलं नसतं. पण पत्ता कुणाचा ह्ये एकदा कळलं की झालं. हिचा पत्ता लग्नानंतर जावयानंच काढून दिलावता, आन् ही अजून त्याच्यावरच पगार घेत व्हती. आता दर बारीला नवा पत्ता काढणार म्हणली. पण जुनं साठलेलं हलवलं की कुठं गेलं त्येबी त्याला दिसणार. म्हणून चार अनोळखी माणसांच्या नाण्यांत आपली मिसळायची, मग कुणाची कुठली कळत न्हाई.

ह्ये ऐकलं आन् मला मालकांची मूस आठवली.

मालक हयात व्हते तवा केरळात आमचं गलाईचं दुकान व्हतं. आटपाडी-विट्याकडची लय माणसं ह्याच धंद्यात, सोनं गाळायच्या. सोनारांची मोड, म्हंजे तुटके-जुने डाग, यायची. बारीकसारीक आसली की मालक चौघांची एकाच मुशीत, म्हंजे सोनं वितळवायच्या भांड्यात, घालायचे आन् ज्याची त्याला वजनावर परत द्यायचे. एकदा त्यात चोरीची साखळी निघाली. मालकांना ठावं नव्हतं. अकरा दिवस कोठडीत ठेवलं. मी परक्या मुलखात, बोली येत न्हाई, रोज डबा घिऊन ठाण्याच्या पायरीवर. सुटून आले तवा त्यांचा उजवा हात नीट उचलत नव्हता.

म्हणून मी पोरीला म्हणलं, कुणाचं पाप तुझ्या मुशीत येतंय, तुला काय ठावं?

तिनं फाईल काढली. मग म्हणली, "आपल्या कामाचे कागद हायत. न्हाई मिसळलं तर तो येतोय, आये."

मग मी तिला एकच इचारलं, परत किती येणार?

"घातलं तेवढंच, थोडी मजुरी कापून."

"मग काय उपेग," म्हणलं. "साखळी वितळलीवती गं. पोलिसांनी वजनावरनं वळखली. जेवढी गेली तेवढ्याच वजनाचा तुकडा दुकानाच्या वहीत लिवलेला दिसला. सगळ्यांचे तुकडे सारख्या वजनाचे पायजेत. आन् बाहेर आल्यावर एका फडक्यात बांधू नगं, न्हाईतर बेरीज पुन्हा तीच यील."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. सारख्या तुकड्यांची सोय त्यात हाय म्हणली, ती तशीच करणार व्हती. पण नंतर सगळं एकाच पत्त्यावर गोळा करायचं तिच्या मनात व्हतं. त्ये तिनं सोडलं. तुकडे येगयेगळे ठेवले.

त्यानंतरचा पगार आला, फोन आला न्हाई. पुढच्याबी म्हयन्यात न्हाई. मग एका दुपारी वाजला. पोरगी कामात व्हती, मी उचलला. जावई म्हणला, "तिचं काम सुटलं काय?"

पन्नास वर्सं मी माणसांचे आवाज ऐकत आलीया. ह्ये तो खरंच इचारत व्हता.

"तुमालाच ठावं," म्हणलं आन् ठेवला.

दाराची कडी मी अजून काढली न्हाई. त्या मुशीत कुणाकुणाचं काय व्हतं, त्येबी मनातनं जात न्हाई. पण संध्याकाळी ताकाचा तांब्या घिऊन भाभीच्या दारात गेले. तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज कशी काय वाट सापडली?" म्हणली.

मी म्हणलं, पोरीचे हात मोकळे हायत, बांगड्या भरायला ये.

"येते," म्हणली. पण मला आत बस म्हणली न्हाई.