दामिनीच्या हातची कुऱ्हाड

नागभीडच्या दामिनीने स्वतः कोणाला मारलं नाही, पण तिच्या हातच्या कुऱ्हाडींनी किती जीव घेतले त्याची मोजदाद नाही. सगळे अर्थात मोबाईलच्या पडद्यावर. तिचा भाऊ भूपेश घरच्या खोलीत बसून एक ऑनलाइन खेळ चालवतो. त्यात राजे, किल्ले, राक्षस आणि अखंड कत्तल. जिल्हाभरातली माणसं कामधंदा सोडून तिथे एकमेकांची मुंडकी उडवतात.

आधी त्या खेळात शस्त्र घडवणं म्हणजे निव्वळ थट्टा होती. बटण दाबलं की कुऱ्हाड हजर. दामिनी पडली लोहाराची लेक, बाप उमाजीचा भाता ओढत वाढलेली. तिचं डोकंच फिरलं.

"असं कुठी लोखंड वागते का? तापव तं खरं आधी!"

मग भूपेशने सगळी पद्धत मोडून नवी केली. लोखंड तापवायचं, रंग ओळखून घण घालायचा, नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचं. चुकलात तर पातं कच्चं राहणार आणि ऐन लढाईत मोडणार. शिवाय कोणी मेलं की मारणाऱ्याच्या नावासोबत शस्त्र घडवणाऱ्याचंही नाव सगळ्यांना दिसणार. हे शेवटचं दामिनीने हट्टाने घालायला लावलं.

त्याला कारण उमाजी. तो प्रत्येक पात्यावर छिन्नीने आपली खूण करतो. गावातल्या बिरजूने शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाची मान तोडली, तेव्हा पोलीस ती खूण ओळखूनच दारात आले. पात्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं. उमाजीने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "हो साहेब, माह्याच हातची आहे." लोक त्याच्या नावाने थुंकले. थुंकणाऱ्यांचं काय जातं! दामिनीच्या मनातून बापाचा तो चेहरा कधी गेला नाही.

नव्या पद्धतीने खेळ पेटला. दामिनीची कुऱ्हाड बसली की चिलखतासकट छाती फाटायची. पण मेलेला माणूस पुन्हा उठला की मारणाऱ्याला सोडून दामिनीच्याच भट्टीवर चालून यायचा. तिला जिवंत जाळलं, भाल्यावर टांगलं, विहिरीत दगड बांधून टाकलं. ती उठायची आणि परत भट्टी पेटवायची. सगळ्यांत क्रूर होता कोरपन्याचा स्वप्निल. त्याने या भावंडांच्या गटाचे किल्ले एकेक करून जिंकले, आतली माणसं कापली आणि भूपेशचं मुंडकं फाटकावर लटकवलं. आता एकच किल्ला उरला होता.

एका दुपारी हाच स्वप्निल लोखंड आणि कोळसा घेऊन तिच्या खेळातल्या भट्टीच्या दारात उभा राहिला. त्याची कुऱ्हाड मोडली होती.

भूपेश खोलीतून धावत तिच्याकडे आला. "पातं कच्चं ठेव! उद्या आपल्या फाटकावर मोडते, अन् आपली माणसं त्याले तिथीच फाडतात."

स्वप्निलचा दामिनीला इतका राग होता की तिने कराकरा दात खाल्ले. पण लोखंड-कोळसा घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, आणि कच्चं पातं तर वैऱ्यालाही द्यायचं नाही, ही उमाजीच्या घरची रीत. तिने लोखंड तापवलं, घण घातला आणि बरोबर वेळेवर पाण्यात बुडवलं.

"पागल झाली काय तू? काऊन केलं असं?" भूपेश ओरडला.

"किल्ला सगळ्यांचा आहे, समजते मले. पण पातं माह्यं आहे."

स्वप्निलने कुऱ्हाड उलटीपालटी करून पाहिली आणि तिथल्या तिथे तिच्याच डोक्यात घातली. डोकं खांद्यापर्यंत चिरलं गेलं, रक्त भट्टीत उडून चरचरलं. भूपेशने अस्सल शिव्या हासडल्या. दामिनी मात्र पडद्यावरचं आपलं प्रेत आणि त्यात रुतलेली कुऱ्हाड बोटांनी मोठी करून निरखत होती.

"भूपेश, पाह्य बरं, धार कुठी दुमडली काय?"

त्याने नाइलाजाने वाकून पाहिलं. "नाई."

तिने समाधानाने मान हलवली. मग फोन बाजूला ठेवला आणि उद्या शेवटचा किल्ला जाणार म्हणून ढसाढसा रडली.