ताम्हणात पडलेलं पाणी

ये, जवळ सरक. समोर नाहीस म्हणून काय झालं, वाचताना माणूस जवळच येऊन बसतं. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. परवा तू फोनवर लिहिलंस, "काकू, आम्हाला धोंड्याला बोलावू नका, उगाच तुमच्या घरात भांडण होईल." काकू कोण गं? जिच्याशी संसार मांडलास तिची मी आत्या, तर तुझीही आत्याच. आणि घरात भांडण म्हणतेस, घरात मी एकटी. भांडू कुणाशी, फ्रीजशी?

तुला वाटतं तुला सगळं ठाऊक आहे. नाही ठाऊक. त्या दिवशी तू लॉन्सच्या मागे पातेल्यापाशी होतीस. तू भोंग्यावर ऐकलंस. मी पुढच्या रांगेत बसले होते, मी तोंडं बघत होते. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस.

तुमच्या सुरगाण्याकडं धोंडे नसतात, तू मला विचारलं होतंस की जावयाचं एवढं काय कौतुक. तर असं बघ, दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात लेकीला आणि जावयाला बोलवायचं, पुरण भरून उकडलेले उंडे तुपात बुडवून वाढायचे, ते धोंडे. मग वाण द्यायचं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, दिवा, वर कापड. वाण देताना बायकोनं पळीनं नवऱ्याच्या तळहातावर पाणी घालायचं आणि त्यानं ते बोटांवरून खाली ताम्हणात सोडायचं. म्हणजे हे आजपासून माझं नाही, तुमचं. पाणी सोडल्याशिवाय दिलेलं पोचत नाही, असं माझी आई म्हणायची. हे पाणी लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आता माझा भाऊ. माझ्याहून बराच लहान. आई कामाला जायची, तो माझ्या कडेवर. पहिला शब्द त्याला मी शिकवला. आता माईक असल्याशिवाय त्याला शब्द फुटत नाही, ती गोष्ट वेगळी. दोनदा नगरसेवक झाला, अंबडची खोली सोडून गंगापूर रोडला बंगला बांधला. मी अंबडलाच राहिले. माझे मालक इथल्याच कारखान्यात होते, ते गेले, खोल्या राहिल्या. मूलबाळ झालं नाही. भावाला दोन, एक लेक आणि तिच्या पाठचा मुलगा. भावाची लेक तीच माझी लेक, असं मला कुणी म्हटलं नाही, मीच धरून चालले.

ही पोर शाळेत असल्यापासून बापाची भाषणं लिहायची. "बंधू आणि भगिनींनो"च्या पुढं त्याला काही सुचायचं नाही. पुढचं सगळं तिचं. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की कुणाची शोकसभा, बाप पायरीवर बूट घालत असायचा आणि ही दारात उभी राहून त्याला कागद वाचून दाखवायची. पुण्याला नोकरीला गेली तरी फोनवरून लिहून पाठवायची.

आणि तुमचं दोघींचं त्याला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. पहिल्या दिवाळीला तू आलीस, त्याच संध्याकाळी पोरीनं गच्चीवर जाऊन बापाला सांगितलं. खाली आला, चहा प्यायला आणि भावजयीला म्हणाला, "कुणी विचारलं तर रूम पार्टनर म्हणा." झालं. तेव्हापासून तू त्या घरातली रूम पार्टनर. कार्यकर्ते विचारायचे, "वहिनी, ताईंबरोबरच्या या कोण?" भावजय सांगायची, "रूम पार्टनर आहे तिची." रूम एक, पार्टनर दोघी, शब्द अगदी खरा. म्हणून तर सगळ्यांच्या तोंडी बसला. तू नागलीची भाकरी केलीस तेव्हा भावानं दोनदा मागून खाल्ली. हे मी विसरत नाही.

मग तो श्रावणातला अधिक महिना आला. निवडणूक कधी होणार कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं भाऊ रोजच उद्या मतदान असल्यासारखा वागायचा. त्याच्या डोक्यात आलं, जावई सन्मान सोहळा. वॉर्डातले सगळे जावई एका मांडवात, धोंड्याचं जेवण, प्रत्येकाला वाण. चौकाचौकात फ्लेक्स लागले, हात जोडलेला हा आणि त्याच्या पोटापाशी अनारशांचं ताट. लेकीला फोन केला, "भाषण लिही आणि तूही ये. स्टेजवर घर दिसलं पाहिजे. आणि रूम पार्टनरला आण, वाढायला माणसं कमी पडतात."

अख्ख्या वॉर्डाचे जावई पाटावर आणि घरचा जावई मागं पातेल्यापाशी. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, चला, निदान मांडवात तरी आहे.

भाषण सुरू झालं. सुरुवातीला लेकीचाच कागद वाचला. त्यात एक वाक्य होतं, "लेक ज्याला आपलं म्हणते त्याला घरानं आपलं म्हणावं, त्यासाठी हा महिना." छान वाचलं त्यानं. लोकांनी दोन-चार टाळ्या दिल्या, जेवणाआधी देतात तशा. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. कागद खिशात गेला की हा स्वतःचं बोलतो.

"आता कोर्टात काय चाललंय ऐकलं का मंडळी? बाईचं बाईशी लग्न म्हणे. मग मला सांगा, धोंडे कुणी कुणाला घालायचे? वाणात काय दोन साड्या ठेवायच्या?"

मांडव हसला. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अक्का, भाऊ आज रंगात आलेत."

"आणि पाळणा कोण हलवणार, शेजारचे?" पुन्हा हशा. मग त्यानं आवाज खाली आणला. तो आवाज त्यानं शोकसभांसाठी कमावलाय. "हसा, पण उद्या हे तुमच्या दारात येईल. मी माझं सांगतो. माझ्या घरात असं काही निघालं, तर पोटची लेक असली तरी मी तिच्यावर पाणी सोडीन."

शिट्ट्या पडल्या. मागच्या रांगेतले जावई उभे राहिले. आणि ती कुठं होती तुला ठाऊक आहे? त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, ताम्हण धरून. कारण भाषण संपलं की लगेच पहिलं वाण त्याच्या हातून द्यायचं ठरलं होतं आणि स्टेजवर घर दिसायला हवं होतं.

ते दिसलं. भावजयीनं पळी भरली, त्याच्या हातावर पाणी घातलं, त्यानं बोटांवरून सोडलं, ते लेकीच्या हातातल्या ताम्हणात पडलं. लेकीनं ताम्हण हलू दिलं नाही. भावजयीकडून पाणी जरा जास्त पडलं, त्याची बाही भिजली. तो दातातल्या दातात म्हणाला, "बघून घाल की." ते माईकवर गेलं. लोक त्यालाही हसले.

तू लॉन्सवर भांडी मोजून परत करत होतीस, तेवढ्या वेळात बंगल्यावर जे झालं ते तुला तिनं सांगितलेलं नाही. रिक्षात म्हणाली ना, "बाबांचं बोलून झालं"? एवढंच म्हणणार ती.

बंगल्यावर भाऊ खुशीत होता. सोफ्यावर पाय सोडून बसला आणि लेकीला म्हणाला, "सुरुवात झकास होती तुझी. शेवट जरा मी वाढवला."

लेक म्हणाली, "ऐकला."

"मनावर घ्यायचं नसतं. लोकांना असलंच लागतं. तुला तर सगळं माहितेय, घरात मी कधी काही बोललो का?"

मी म्हटलं, "अरे, घरात बोलला असतास तर बरं होतं. दार लावून बोलला असतास."

"अक्का, तुला राजकारण कळत नाही."

तेवढ्यात वरून कुणा मोठ्या साहेबांचा फोन आला. कुणीतरी त्यांना व्हिडिओ पाठवला होता. भावानं सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावला. साहेब म्हणाले, "आज खणखणीत बोललास. अशी माणसं पाहिजेत." भाऊ उठून उभा राहिला, फोनवरच वाकला आणि म्हणाला, "साहेब, घरचे संस्कार आहेत." लेक समोर उभी होती. तो तिच्याकडं बघूनच म्हणाला, तिच्याकडून शाबासकी हवी असल्यासारखा.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, पाणी सोडलंत ना? मग निघते मी."

"अगं, ती बोलायची पद्धत असते." आणि लगेच पुढं, "पण एक कर. ती रूम पार्टनर निवडणूक होईपर्यंत इकडं नको. आता व्हिडिओ फिरतोय, लोक बारकाईनं बघतील."

ती चपला घालायला लागली तेव्हा भावजय स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली, धोंड्यांचा. भावानं विचारलं, "कुणाला?" भावजयीनं डबा परत आत नेऊन ओट्यावर ठेवला. एवढंच झालं. रडारड नाही, काही नाही.

पुढचं तू लांबून ऐकलंस, पण क्रमानं ऐक. लोकांना ठाऊकच होतं. वॉर्डात कुणाच्या घरी कुठली भाजी शिजते तेही ठाऊक असतं. निवडणूक जवळ आली तसं दुसऱ्या गटातल्या पोरांनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "भाऊ, यंदा आपल्या जावयाला वाणात काय? साडी का?" त्याचाच विनोद, त्यालाच वाढला. वर तूप.

दुसरा कुणी असता तर लाजला असता, गप्प बसला असता. यानं मोबाइलवर बातम्या दाखवणाऱ्या एका पोराला बंगल्यावर बोलावलं, भावजयीला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "लोक काहीही उठवतात. मला एकच अपत्य, माझा मुलगा." त्या पोरानं भावजयीला विचारलं, "वहिनी?" भावजय म्हणाली, "हो. एकच." मागच्या भिंतीवर लेकीच्या पदवीदानाचा फोटो असायचा, तिथं घड्याळ आलं होतं.

तिकीट दुसऱ्यालाच गेलं. मी म्हटलं आता तरी याचे डोळे उघडतील. तो आठ दिवस जेवला नाही नीट, दाढी वाढवली. मी भेटायला गेले तर म्हणाला, "अक्का, एवढं करून काय मिळालं?" एवढं म्हणजे ती पोर. त्याला वाईट वाटलं ते तिकिटाचं.

भावजय मला मागं भाजीबाजारात भेटली. मेथीची जुडी हातात घेऊन इकडंतिकडं बघत म्हणाली, "अक्का, ती वेळेवर जेवते ना?"

मी विचारलं, "कोण?"

"ती हो."

"ती कोण? तुम्हाला तर एकच आहे."

तिच्या तोंडून नाव येईना. पिशवी उचलली आणि पुढच्या गाडीवर वांगी बघायला गेले. दुष्ट म्हण मला. पळी तिच्या हातात होती.

आता पुन्हा धोंड्याचा महिना आलाय. अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले, ही बातमी कुणीतरी गंगापूर रोडला पोचवली. भावाचा फोन आला, तोही तुझा निरोप यायच्या आदल्या दिवशी.

"अक्का, ऐकतोय ते खरं का? त्या दोघींना धोंडे घालणार आहेस?"

"घालणार."

"मग दोघींत जावई कोण?" आणि हसला. तीन वर्षं झाली, विनोदसुद्धा बदलला नाही मेल्यानं.

म्हटलं, "जिला भूक जास्त, ती."

मग तो खालचा आवाज लावला. "बघ बाई. तुला मूलबाळ नाही. उद्या खांदा द्यायला मीच आहे. त्या दोघी तुझ्या दारात आल्या तर मी तेवढ्यापुरताही येणार नाही. तिरडी उचलायला माणसं भाड्यानं आणावी लागतील."

असं बोलला. ज्याला मी कडेवर वाढवला, तो मला खांद्याची भीती घालतो.

मी म्हटलं, "मेल्यावर कोण आलं ते मला कुठं दिसणार आहे रे. जेवायला कोण येतं, तेवढं दिसू दे." आणि फोन ठेवला. म्हणजे तू ज्या भांडणाला घाबरतेस ते होऊन गेलंय. उशीर केलास.

राहिलं ते पाणी. तो म्हणतो पाणी सोडलं, म्हणजे टाकून दिलं. त्याला अर्धंच ठाऊक. पाणी सोडलं म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, हात बदलतो. त्यानं तर भर मांडवात सोडलं, माईकवर, जेवायला आलेल्या गावासमोर, बायकोनं रीतसर पळीनं घातलेलं. एवढं पक्कं दान आजकाल कुणी देत नाही. घ्यायला कुणी पुढं झालं नाही, तर मी झाले. आता त्याला ती परत मागता यायची नाही. उद्या म्हातारा होऊन लेक आठवली, तरी नाही.

लोक म्हणतील, विधवेच्या हातून वाण चालत नाही, पाणी घालायला जोडीदार लागतो. पाणी माझ्या हातावर आपली पोर घालेल. ताम्हण मी चिंचेनं घासून ठेवलंय. ताटात दोन साड्या ठेवल्यात, एक हिरवी, एक जांभळी. तू साडी नेसत नाहीस ते ठाऊक आहे, कुडता शिव त्याचा. पण वाणात दोन साड्याच जाणार. ते मी त्या मांडवातच ठरवलं होतं.

स्टँडवरून रिक्षा करा. रिक्षावाल्यानं बंगल्यावरून आणलं तर मान खाली घालून बसू नकोस, सरळ बघ, तिथल्या फ्लेक्सवर आता दुसऱ्याचं तोंड आहे. येताना नागलीचं पीठ आण, इथं चांगलं मिळत नाही. डाळ मी तुम्ही आल्यावरच शिजत घालीन, शिळं पुरण वाढणार नाही. महिन्याचे थोडेच दिवस उरलेत, माझेही फार नसतील. या रविवारी या दोघी. आणि दारातून हाक मारशील तेव्हा आत्या म्हण, काकू म्हटलंस तर दार उघडणार नाही.