तीन दिवसांचा बोल्ट

माझ्या सासऱ्यांच्या मोटारीतला एक बोल्ट मी तीन दिवस खपून काढला. तो अर्धाच निघाला आणि त्याच्या आधी मोटारच निघून गेली, पण काढला हे खरं.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि आखाडा बाळापुरात माझ्या धाकट्या मेहुणीचं, कमळीचं लग्न निघालं होतं. नवरदेव हट्टा गावचा. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून कधीकाळी मोटार घेतली होती. ती वर्षभर धावली, मग गोठ्यात जाऊन बसली ती बसलीच. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. पण कमळीनं लहानपणापासून एकच धोशा लावला होता, "माझी वरात मोटारीतून निघायला पायजे!" मामांनी हट्ट्याच्या लोकांना तसा शब्दही देऊन टाकला होता.

आणि हा शब्द कोणाच्या भरवशावर? माझ्या! मी हैदराबादेत एका मोटार कारखान्यात दोन महिने काम केलं होतं ना! (काम म्हणजे उस्तादाच्या हातात पाने देणं आणि त्याचा चहा आणणं. पण हे सासुरवाडीत कोण सांगतं?) लग्नाला पाच दिवस असताना मी बाळापुरात उतरलो, धोतराचा काष्टा खोचला, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि जाहीर केलं, "इंजिन खाली उतरवावं लागंल."

"उतरवा की!" मामा म्हणाले. "जावईबापू म्हणतेत म्हणल्यावर इचारायचं काय?"

इंजिन चार बोल्टांवर बसलेलं आणि बोल्टांची डोकी खालच्या अंगाला. मी मोटारीखाली उताणा झोपलो, पाना लावला आणि विचार केला, आपण आता खालून बघतोय, म्हणजे सगळंच उलटं. तेव्हा बोल्ट नेहमीच्या उलट बाजूनं फिरवायचा. (स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो की पडल्या पडल्या हसलो.) जोर लावला. बोल्ट ढिम्म.

"गंजलाय," मी म्हणालो.

मामींनी रॉकेल आणलं. ते झालं, मग करडईचं तेल गरम करून आणलं. सगळं तेल बोल्टावरून ओघळून माझ्या कानात गेलं. कमळी शेजारी उकिडवी बसून टक लावून बघत होती. संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "दाजी, एकडाव दुसऱ्या अंगानं फिरवून बघता का?"

"कमळे!" मामी कडाडल्या. "दाजीला शिकवून राहिली का? चल, पापड लाट!"

दुसऱ्या दिवशी मामांनी करीमचाचांना बोलावलं. गावातल्या बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा हा जुना लोहार. चाचा वाकले, बोल्ट पाहिला, मी जोर लावताना पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि मामांकडे बघितलं. मामांना एकदम खोकला आला.

"बापू," चाचा म्हणाले, "बोल्ट जरासा आत गेल्यावानी दिसून राहिला."

"तेलानं फुगला असंल."

"लोखंड फुगतं का, बापू?"

"हैदराबादेत फुगतं!"

"बराबर, बराबर," म्हणत चाचा भाता आणायला गेले. मग त्यांनी सळई लाल करून बोल्टाला टेकवली. आदल्या दिवशीचं तेल तापून टपटप माझ्या दंडावर पडलं. मी अशी बोंब ठोकली की गादीवरची कोंबडी अंडं अर्धवट टाकून पळाली. बोल्ट मात्र जागचा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी अर्धं बाळापूर गोठ्यासमोर जमलं. तेल कोणतं घालावं, मीठ टाकावं का, नारळ फोडावा का, सगळ्या बाबतींत लोक मला सल्ले देत होते. फिरवायच्या बाजूबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. कमळी दाराआडून बघत होती. तिचे डोळे भरून आलेले पाहिले आणि माझं काळीज हललं. पोरीनं जन्मात एकच गोष्ट मागितली आणि ती माझ्यामुळं अडली!

त्या भरात मी ओरडलो, "बैल जुंपा!"

"बैल?" मामा दचकले.

"बैलच!"

पान्याच्या दांड्यात लांब लोखंडी नळी अडकवली. तिचं टोक मोटारीखालून बाहेर काढलं, त्याला दोर बांधला आणि दोराला हौश्या आणि गुलाब्या हे मामांचे बैल जुंपले. मी खाली पाना धरून बसलो, म्हणजे झोपलो. "हाणा!" म्हणालो. बैलांनी मान घातली. नळी वाकली, दोर ताणला, बोल्ट कुरकुरला, आणि मोटार चालू लागली!

वरातीसाठी मामांनी चाकांत हवा भरून आणली होती. मोटार माझ्या अंगावरून सरळ निघून गेली. मी तेलानं माखलेले दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत गोठ्याच्या आढ्याकडे बघत राहिलो. मोटार अंगणात गेली, तिथं लग्नाचे उडदाचे पापड वाळत घातले होते, त्यांच्यावरून गेली. मामी किंचाळल्या. मग कट्टदिशी आवाज आला. बोल्ट तुटून डोकं खाली पडलं आणि बैल मोकळे होऊन वेशीपर्यंत पळाले.

कमळी दारातून धावत आली. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. ती पापडांतून चालत मोटारीपाशी गेली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चाचा, काय झ्याक चालली हो!"

करीमचाचांनी लगेच दोर उचलला. "बैलं आगे जुंपू. माणसं मोटार बघत्यात, इंजिन कोण बघतं?"

आणि लग्नाच्या दिवशी तशीच वरात निघाली! पुढं हौश्या-गुलाब्या झुली घालून, मागं झेंडूनं मढवलेली मोटार, गादीवर नवरानवरी आणि पुढं स्टिअरिंगच्या चाकासमोर फेटा बांधून मी. मी नुसता भोंगा वाजवत होतो. हट्ट्याची माणसं म्हणाली, "जावयानं काय सफाईनं चालवली!" कमळी इतकी हसत होती की मामींना तिला दोनदा डोळे वटारावे लागले. तिचं ते हसू मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना आमची ही म्हणाली, "एक सांगू का? तुमी पहिल्या दिसापासून बोल्ट आवळून राहिले होते."

मी कप खाली ठेवला. "कोणाकोणाला कळलं होतं?"

"समद्यांला. आबांना, आईला, चाचांना, कमळीला तर पहिल्या दिशीच."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"जावयाला कोण सांगतं? आबांनी समद्यांला बजावलं होतं, जावईबापूंचं मन मोडायचं न्हाई. मोटार मोडली तर मोडली!"

त्या दिवशी मी शपथ घेतली की, आपल्या घरात असला खुळचटपणा चालू द्यायचा नाही. जावई असो की जावयाचा बाप, चुकला की तोंडावर सांगायचं.

मागच्या उन्हाळ्यात आमचा जावई न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करायला बसला. कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानं पाना लावला, ओठ आवळले आणि जोर केला. पहिल्याच हिसक्याला मला दिसलं, गडी उलटा फिरवतोय!

"मामा, गंजलाय," तो म्हणाला.

"बराबर, बराबर," मी म्हणालो, आणि गुपचूप उठून घरातल्या झाडून सगळ्या बादल्या गोळा करायला लागलो.