माणसाला चाकं नसतात

नरसिंहपूरच्या घाटावर एक भाविक पाय घसरून पडला, तेव्हा मी बातमीत ‘भाविक स्किड झाला’ असं लिहिलं. बारामतीच्या कार्यालयात वृत्तसंपादकाने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

“स्किड गाडी होते. ह्या माणसाला चाकं होती का रं?”

पुढे दोन वर्षं मला तिथे ‘चाकवाले’ म्हणत. मी शब्दकोश पाहिला. त्याचं बरोबर होतं, म्हणून माझा राग जास्त टिकला.

गेल्या गळीत हंगामात भवानीनगरजवळ रस्त्यावर सांडलेल्या उसावरून त्याची मोटरसायकल घसरली आणि हात मोडला. दवाखान्यातून त्याने मला फोन केला.

“ट्रॉलीनं धडक दिली, असं लिही.”

मी जागा पाहून आलो होतो. कुणीही ट्रॉली पाहिली नव्हती. रस्त्यावर टायर सरकल्याचा लांब पट्टा होता.

“गाडी स्किड झाली, साहेब. तुम्ही जोरात ब्रेक दाबला, चाक फिरायचं थांबलं आणि नुसतं सरकत गेलं.”

“मग माझं नाव तरी नको टाकू.”

बातमी चार ओळींची झाली. नाव, वय आणि हुद्दा मी पहिल्याच ओळीत दिले.