करिश्माची भरलेली बाटली

रंजीता उसेंडीला जंगल कोणी शिकवायची गरज नव्हती. कुरखेड्याकडच्या आडगावात तिचं बालपण गेलं. पाय फुटल्यापासून ती मायच्या मागं मोहफुलं वेचत आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडत रानोमाळ हिंडलेली. पुढं पोलिसात भरती झाली, कमांडोचं खडतर प्रशिक्षण पार केलं आणि खांद्यावर रायफल घेऊन त्याच जंगलात नक्षलविरोधी अभियानावर जाऊ लागली. आणि अशा पोरीच्या तोंडावर पथकातले गडी म्हणत होते, की बायांना जंगल झेपत नाही! मासोळीला पाणी झेपत नाही म्हणा की मग.

निमित्त झालं करिश्मा रामटेकेचं. मूल गावाकडची ही पोर म्हणजे पथकात रंजीताची जोडीदार. मे महिन्यातल्या अभियानात एका नाल्याजवळ पलीकडून अचानक गोळीबार सुरू झाला आणि पत्रू नावाचा जवान दंडात गोळी लागून उघड्यावर पडला. तेव्हा या दोघी दगडाआड आडव्या झाल्या आणि त्यांनी समोरच्यांना डोकं वर काढू दिलं नाही. म्हणून तर पत्रूला मागं ओढून आणता आलं. पण परतीच्या वाटेवर करिश्मा अडखळू लागली, काहीबाही बरळू लागली आणि भर उन्हात कोसळली. तिला झोळीत घालून पोलीस केंद्रावर आणावं लागलं.

झालं! गोळीबार सगळे विसरले, झोळी तेवढी लक्षात राहिली. पथकाचा प्रमुख धनराज पोटावी अंगणातल्या बाजेवर बसून म्हणाला, "आता बाया केंद्रातच राहतीन. फाटकावर बायामाणसांची झडती घेतीन. जंगल त्यायचं काम नोहे. उद्या साहेब येऊन राह्यले, मी सांगतोच त्यायले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पत्रू गळ्यात हात बांधून तिथंच बसला होता, त्यानंही डोलावली. ज्यांच्या जिवावर ती मान धडावर राहिली, त्यांच्याच विरुद्ध! संताप येणार नाही तर काय?

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. करिश्मा का पडली, हे रंजीताला पक्कं ठाऊक होतं. करिश्माच्या पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, पाण्याची बाटली होती तशी भरलेली होती. तहान लागत नव्हती असं नाही. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, एवढंच. पुरुष गडी रांगेतून पाऊलभर बाजूला होतो, झाडाकडं तोंड करतो आणि मोकळा होऊन परत रांगेत येतो. बाईला पिट्टू उतरवायचा, जाकीट सैल करायचं, पट्टा सोडायचा आणि राखणीला दुसरी बाई घ्यायची. पहिल्या अभियानात करिश्मानं थांबायला विचारलं, तेव्हा धनराज म्हणाला होता, "नाल्यापलीकडं पाहू." नाला गेला, टेकडी गेली, कोणी थांबलं नाही. मागची पोरं मात्र खिदळली. त्या दिवसापासून दोघींनी अभियानात पाणी पिणंच जवळजवळ सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! चूकच केली त्यांनी. पण ती चूक त्यांना करायला लावली कोणी?

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून साहेब आले. सगळं पथक समोर बसलं. सलाईन लावून उठलेली करिश्माही भिंतीला टेकून बसली. धनराजनं आपलं म्हणणं मांडलं, आणि साहेब 'बरोबर आहे' म्हणायच्या बेतात असताना रंजीता उठली. तिनं भरलेली बाटली साहेबांपुढं टेबलावर ठेवली.

"साहेब, हे करिश्माची बाटली. जशी नेली तशी वापस आली. जंगलानं नाई पाडलं तिले. आमाले लघवीले थांबू देत नाई, म्हणून आमी पाणी पेत नाई."

कोणीतरी खोकलं. धनराजचे कान लाल झाले. "हे काय साहेबासमोर बोलाची गोष्ट हाये का? लाज नाई वाटत?"

"मले काऊन लाज वाटन, भाऊ?" रंजीताचा आवाज चढला. "तुमची माय तेंदूपत्त्याले जात होती नं? तुमीबी तिच्या मागं जात होते. बायायनं जरा हाक देल्ली, का सारे माणसं पुढं जाऊन मोहाखाली थांबत. कोणी मागं वळून पाहे का? कोणी हासे का? अनपढ माणसं होते ते. कोणत्या ट्रेनिंगमंदी शिकले होते? तुमी त्यायचेच लेकरं. वर्दी घातल्याबरोबर इसरले?"

धनराजचंही गाव रंजीताच्या गावासारखंच रानातलं. साहेबांनी बाटली उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग म्हणाले, "दोघी पथकातच राहतील. आणि थांबायचं कुठं, कसं, ते आजपासून तुम्ही ठरवायचं, धनराज." करिश्मावर अन्याय झाला, असं काही ते म्हणाले नाहीत. साहेब लोक तेवढं कधी म्हणत नाहीत.

पत्रूचा दंड भरून आला आणि पुढचं अभियान निघालं. एका मोहाजवळ धनराजनं हात वर केला. गडी पुढं गेले आणि पाठ फिरवून, रायफली रोखून झाडांआड बसले. रंजीता राखणीला उभी राहिली. कोणी खिदळलं नाही. करिश्मा परत आली, पट्टा आवळला आणि तिथंच सगळ्यांदेखत गटागटा पाणी प्यायली. पत्रू खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला.

धनराज रंजीताजवळ आला. डोंगराएवढे उपकार केल्यासारखं हसला. "आता तं झालं नं तुह्या मनासारखं? खुश?"

"खुश कायले होऊ, भाऊ?" रंजीतानं पिट्टू खांद्यावर चढवला. "आमच्या गावात हे मागावं लागत नाई."