चार मिनिटांची नोंद

बंदरावर तिला सगळे पाराबाई म्हणायचे. एक तर तिचं कामच पाऱ्याचं, हवामान केंद्रावरची निरीक्षक ती. आणि दुसरं म्हणजे तिचा स्वतःचा पारा चढायला काडीचंही निमित्त पुरायचं. पण तिच्या तोंडावर ते नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं ती रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढे उभी राहिली, झडप उघडली, तापमापक वाचला आणि आत येऊन नोंदवहीत आकडा लिहिला. आई गेली त्या दिवशीसुद्धा. लोकांनी नावं ठेवली, म्हणे बाई रडायची सोडून आकडे लिहायला गेली. गेली तर गेली! पारा काय तिचे डोळे पुसून होईपर्यंत थांबणार होता?

तिचे नियम दोनच. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. आणि लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, वर खरा आकडा, बाजूला सही. नोंदवह्यांची दोन कपाटं भरली होती आणि त्यांत खाडाखोड औषधालाही सापडली नसती.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याला हिनेच वाढवलं, हिनेच कान पिळले, हिनेच लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. भाऊ मालवाहू होडीवर इंजिनाचा मिस्त्री झाला. केंद्रालगतच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि ही, असं तिघांचं बिऱ्हाड. भावजय तिला वन्सं म्हणायची, आणि दोघींचं भांडण झालं नाही असा आठवडा जायचा नाही.

तर अशा या सरळ रेषेच्या बाईच्या आयुष्यात एक दिवस मुख्य कार्यालयाकडून खोकं आलं. खोक्यात करड्या रंगाची एक पेटी. ना बटण, ना काटा, ना वायर. सोबत दोन ओळींचं पत्र: पेटी नोंदवहीच्या वर भिंतीवर लावावी, नोंदी नेहमीप्रमाणे कराव्यात. तिने लावली. पेटीला हात लावला तर ती कोमट लागायची. भर थंडीत, बंद खोलीत, कोमट. आणि पेन हातात घेतलं की आतून बारीक घुं असा आवाज यायचा. ठेवलं की बंद.

"आक्का, तुझ्यावर नजर ठेवायला दिलंय ते," भाऊ म्हणाला.

"ठेवू दे. कंटाळून मरेल बिचारं," ती म्हणाली.

आता चूक कशी झाली ते सांगतो. तापमापकावर पाचाची रेघ आणि दहाची रेघ सारखीच लांब असते. घाईत माणूस एकीला दुसरी समजतो आणि आकडा बरोबर पाच अंशांनी चुकतो. या धंद्यात नवशिके हमखास चुकतात. पाराबाई एकतीस वर्षांत एकदा चुकली. डोळ्यांत धूळ गेली होती म्हणा, वय झालं होतं म्हणा. पारा होता तेवीस अंशांवर, तिने लिहिलं अठरा. मग सवयीने ती दुसऱ्यांदा वाचायला बाहेर गेली, तर अंगावर काटाच आला. हवा गार पडली होती. कठड्यावरचे पक्षी गप्प झाले होते. समोरच्या गल्लीत एक बाई वाळत घातलेली चादर ओढून अंगाभोवती गुंडाळत होती. तापमापकात अठरा.

आत आपोआप आलेख काढणारं एक ढोलकं फिरत असतं. त्याच्या कागदावर रेघ आठ वाजेपर्यंत तेविसावर होती आणि आठ वाजून चार मिनिटांनी सरळ खाली कोसळली होती. तिने वही पुढे ओढली आणि चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायला पेन उचललं. पण मारायची कशावर? आकडा आता खरा होता.

साडेआठला रोजचा फोन आला. पलीकडच्या डोंगरावरच्या केंद्राचे काका. वीस वर्षं दोघं एकमेकांना आकडे सांगत आले होते आणि चेहरा मात्र एकदाही पाहिला नव्हता.

"बाई, आज गंमतच झाली हो. मघाशी आमच्याकडे एकदम पाच अंशांनी उकडायला लागलं. तुमच्याकडे काही?"

"नाही," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःचाच राग येऊन म्हणाली, "आहे. आमच्याकडे पाच अंश कमी झालेत."

चौथ्या दिवशी मुख्य कार्यालयातून म्हणून एक साहेब आला. तरुण, गोड बोलणारा. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याचे खांदे कोरडे होते. बसायला खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सोळा केंद्रांवर अशा पेट्या लावल्या, बाई. पंधरा मुक्या आहेत. ही एकटीच बोलते. कारण माहीत आहे? तुमच्या वह्यांत एकतीस वर्षांत एकही खोटा आकडा नाही. त्यामुळे तुम्ही लिहाल त्यावर तिचा विश्वास बसतो. आणि तिचा बसला की आभाळाचा बसतो."

"मी चुकले होते."

"ते तिला कुठे ठाऊक? फक्त हो म्हणा. सगळा किनारा तुमच्या पेनाखाली. वादळ नको? 'नाही' लिहा. पाऊस हवा? 'आहे' लिहा."

"आणि इथून काढलेलं जातं कुठे?"

"दुसरीकडे," साहेब हसून म्हणाला. "समतोल राखावा लागतो."

"मी बघते ते लिहिते," पाराबाई म्हणाली. "लिहीन ते बघायची हौस नाही मला. या आता."

"पेटी राहू दे," तो दारातून म्हणाला. "गरज पडेल." तो गेल्यावर तिने पायरी पाहिली. चिखलात तिच्या चपलांचे ठसे होते. त्याचे नव्हते.

जेवताना तिने हे सारं घरात सांगितलं. भावाला हसू आवरेना. "आक्का, माझ्या टकलाची नोंद बदल की. दोन बोटं पीक, असं लिही!" भावजय हसली नाही. ती मधल्या दारातून त्या पेटीकडे बघत राहिली.

आणि मग धुकं आलं. असं धुकं, की स्वतःचा हात लांब केला तर बोटं परक्याची वाटावीत. दोन दिवस उठलं नाही. भावाची होडी सात माणसं घेऊन दुपारी बाराला परतायची होती, आणि बंदराच्या तोंडाशी खडकांची रांग. पाराबाईने केंद्राचा हाताने फिरवायचा भोंगा धक्क्यावर काढला. दांडा फिरवायचा, थांबून कान द्यायचा, पुन्हा फिरवायचा. बारा वाजले, एक वाजला. तिच्या मनगटाला सूज आली. भावजय शेजारी उभी होती.

"वन्सं, लिहा ना. धुकं नाही, एवढंच. दोन शब्द."

"डोंगरावर विचारलंय मी. लख्ख ऊन आहे तिकडे. वळणावळणाचा रस्ता, आणि शाळेची बस उतरतेय. इथलं धुकं उचललं तर ते कुठे जाईल?"

"ते माझे कोण लागतात? तुमचा भाऊ आहे हो तो! अंगाखांद्यावर वाढवलात ना?"

पाराबाई दांडा फिरवत राहिली. तिला रडू येत होतं आणि रडूचाच राग येत होता.

अडीचच्या सुमाराला पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला. जवळच होता. मग आचके देऊन बंद पडला. आणि शीळ ऐकू आली. ती शीळ तिनेच त्याला लहानपणी शिकवली होती, गर्दीत चुकलास तर वाजव म्हणून.

तिने दांडा सोडला आणि धावत आत गेली. भावजय तिच्या मागे. पाराबाईने पेन उचललं. पेटीतला घुं आवाज या वेळी वाढला नाही, हळू झाला, थेट तिच्या श्वासाच्या लयीत चालू लागला. तिने टोक कागदाजवळ नेलं. खिडकीबाहेर धक्क्यावरचा दिवा दिसू लागला. पेन उचललं, दिवा गेला. पुन्हा खाली नेलं; दिवा, त्यापलीकडे पाणी, पाण्यात काहीतरी काळं. सगळं जग तिच्या हाताकडे डोळे लावून बसलं होतं. लिही, म्हणत होतं, तू म्हणशील ते खरं. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. क्षणभर फार आवडलं. त्या आवडण्यानेच ती घाबरली. तिला त्या वळणावरचा कुणी एक ड्रायव्हर दिसला, ज्याची काच एकाएकी पांढरी होते.

तिने पेन ठेवलं. भावजयीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ती मरेपर्यंत विसरायची नाही. त्याच वेळी पाण्यावरून दुसरा आवाज आला, लाकूड दगडावर आपटल्याचा.

ती पुन्हा भोंग्याशी गेली आणि वेड्यासारखी फिरवत सुटली. सव्वातीनला होडी वल्हवत धक्क्याला लागली. पुढचा भाग फुटलेला. सातही जण जिवंत. खडकावरून होडी ढकलून काढताना भावाचा डावा हात मधे सापडला होता. तिला पाहून तो म्हणाला, "आक्का, भोंगा मधेच का गं थांबला? आम्ही आवाजावर बरोबर येत होतो," आणि त्याची शुद्ध हरपली.

पाचला तिने नोंद केली. दृश्यता चाळीस मीटर, दाट धुकं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दोन एकतीस ते दोन पस्तीस भोंगा बंद. कारण, निरीक्षक जागेवर नव्हती. खाली सही. साडेपाचला काकांचा फोन आला, बस केव्हाच सुखरूप उतरली, का विचारत होतात? तिने फोन ठेवला.

हात मनगटापासून काढावा लागला. मिस्त्री माणसाचा हात. आठवड्याने साहेब आला, तसाच कोरडा.

"मागच्या पानावरचंही तिला ऐकू येतं, बाई," तो म्हणाला. "शेऱ्यावर रेघ मारा. 'भोंगा सुरू' एवढं लिहा, बाजूला सही करा. तुमच्याच नियमाने. हात परत येईल."

पाराबाईने वही उघडून ते पान काढलं. नाही म्हणायला तिला वेळ लागला, हे इथे सांगितलंच पाहिजे. तिनेही ते कधी लपवलं नाही.

"मग हात कुणाचा जाईल?"

"तुमच्या ओळखीचा कुणी नसेल."

तिने वही मिटली. स्टुलावर चढून पेटी भिंतीवरून उपसली आणि त्याच्या हातात कोंबली. कोमट होती, मांजराच्या पोटासारखी. "ही घ्या, आणि परत या उंबऱ्यात पाय ठेवाल तर याद राखा."

दवाखान्यातून भाऊ घरी आला त्या दिवशी तिने त्याला सारं सांगितलं. पेन, दिवा, चार मिनिटं, साहेबाची शेवटची ऑफर, सगळं. भावजय भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने तेव्हापासून वन्सं अशी हाक मारली नव्हती. भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पान दाखव."

तिने वही आणली. त्याने ती मांडीवर घेतली, उजव्या हाताने पान उलटलं, धरायला डावं मनगट पुढे केलं आणि ते पानावरून घसरलं. भावजयीने वळून पान धरलं. त्याने शेरा दोनदा वाचला.

"चारच मिनिटं होती?" तो म्हणाला. "मला तिथे फार जास्त वाटली गं."

"चारच," पाराबाई म्हणाली. "केंद्रातल्या घड्याळात पाहून लिहिलीत."

त्याने वही मिटून तिच्याकडे दिली. "वन्सं," भावजय भिंतीकडेच बघत म्हणाली, "पाच वाजत आले." पाराबाई उठली, बाहेर गेली, झडप उघडली, पारा दोनदा वाचला आणि मग आत येऊन लिहिला.