राजपुत्र गेला!

आमचे अण्णाकाका नागपूरहून काशीला मरायला आले, आणि मी त्यांना कादंबऱ्यांची चटक लावली.

मरायला म्हणजे अगदी शब्दशः! फुप्फुसं थकली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. बालाजी घाटाजवळच्या घरात आई आणि मी दोघीच. काका आईला म्हणाले, "वहिनी, इथून मणिकर्णिका जवळ. तुम्हांला फार त्रास होणार नाही." (त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश नागपुरातच होता. पण बापलेकांचा अबोला. भांडण कशावरून झालं हे दोघांनाही धड आठवत नव्हतं, अबोला मात्र चोख पाळत होते.)

सकाळी दामोदर गुरुजी पोथी वाचायचे. दुपारी कॉलेजातून आले की उशाशी बसायची पाळी माझी. बसल्या बसल्या मी माझी नवी इंग्रजी कादंबरी वाचायची.

"काय वाचतेस गं, सुमे?"

"धुक्यातलं एक राज्य आहे, काका. तिथल्या राजपुत्राला सूर्य मावळला की पंख फुटतात. आणि नकाशे काढणाऱ्या एका मुलीवर त्याचं प्रेम बसतं."

काका जन्मभर गणिताचे मास्तर. "पंखांची लांबी किती?"

"दिलेली नाही."

"मग नाही उडायचा तो. माणसाचं वजन बघ की!" थोडा वेळ धापा टाकून म्हणाले, "ती मुलगी काय म्हणाली?"

झालं! रोज दुपारी मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, काका मध्येमध्ये चुका काढायचे. डॉक्टरांनी दिलेली मुदत टळली. काका पेज मागून प्यायला लागले. इकडे गुरुजींची पोथी आखूड होत चालली आणि ते दुपारीही येऊन बसू लागले. "तब्येत बघायला आलो," म्हणायचे आणि माझ्या कानाशी लागायचे, "ताई, ती मानली का राजपुत्राला? जल्दी सांगा, मला संध्येला बसायचंय."

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "मोक्षाला आलेल्या माणसाला तू प्रेमप्रकरणं ऐकवतेस!" (दाराआड उभी राहून तीही ऐकत होती, हे मला नंतर कळलं.)

कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी घात झाला. राजपुत्राला बाण लागला आणि नकाशेवालीच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. वाचता वाचता मला हुंदका फुटला. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गुरुजी तर उपरण्याने डोळे पुसत ओसरीवर गेले आणि खांबाला धरून मोठ्यांदा म्हणाले, "गेला हो! असा सोन्यासारखा माणूस गेला!"

समोरच्या खिडकीत मिसराइन चाची भाजी निवडत होत्या. "हे राम! चाचाजी चल गइलन?"

गुरुजींनी राजपुत्राच्याच दुःखात मान डोलावली.

बस! चाचींनी गल्ली उठवली. आईने अडीअडचणीसाठी दिलेला प्रकाशचा नंबर त्यांच्याकडे होताच. त्यांनी नागपूरला फोनही लावला. मी डोळे धुऊन बाहेर येते तो अंगणात बांबू, सुतळी, मडकं आणि चार धट्टेकट्टे पुरुष!

काका गलका ऐकून भिंत धरत दारापर्यंत आले. "सुमे, बांबू कशाला? मांडव घालतेस?"

मडकं धरलेल्याच्या हातून मडकं सुटलं. चाची किंचाळल्या. काका शांतपणे म्हणाले, "मैं नहीं। राजकुमार गया है।"

बांबू परत न्यायला कोणी तयार होईना. आणलेली तिरडी रिकामी परत नेणं अशुभ म्हणे! आईने त्यांवर कपडे वाळत घातले.

प्रकाशला खरं सांगायला मी फोन केला, तर तो गाडीत बसलेला आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला तो रडून डोळे सुजलेला आणि डोक्याचा चकचकीत गोटा! स्टेशनबाहेरच उरकून आला होता.

काका भिंत धरत पुढे आले.

"अरे गाढवा, मी जिवंत असताना मुंडण?"

"बाबा..." म्हणत प्रकाश खाली बसला आणि त्याने काकांच्या पायांवर डोकं टेकलं. काका त्या गोट्यावरून हात फिरवत राहिले. हसत होते की खोकत होते, ते मला कळलं नाही. अबोल्याचं दोघेही विसरले. प्रकाश परत गेला नाही; रोज दुपारी बापाचे पाय चेपत गोष्ट ऐकायला बसू लागला.

पण गोष्ट होती कुठे? तिसरा भाग निघालाच नव्हता, आणि काका पुन्हा खंगत चालले होते. एका दुपारी म्हणाले, "मला काही तेवढा वेळ नाही, सुमे. तूच रच पुढचं."

मग मी रचायला लागले. नकाशेवाली एकटीच नाव घेऊन निघते. कुठल्याच नकाशात नसलेल्या गावाला राजपुत्र गेलाय, तिथे.

"नदीची रुंदी किती?" काकांचा आवाज अगदी खोल गेला होता.

"पलीकडचा काठ दिसत नाही, एवढी."

"बरं. मग?"

तिसऱ्या दिवशी मी सांगत होते, धुकं विरळ होतं, तिला काठावर दिवे दिसतात. तिथे थांबले. काकांनी "मग?" विचारलं नाही. पायांशी बसलेला प्रकाश हळूच म्हणाला, "ताई, पुरे."

मी ओसरीवर आले. चाची खिडकीतच होत्या. "चाची, काका गेले."

त्यांनी मटार सोलता सोलता, आता या खेपेला कोण, अशा सुरात विचारलं, "ए बेर के मरल? राजकुमार कि घोड़ा?"

मी तिथेच पायरीवर बसून रडले. तेव्हा कुठे त्या धावत आल्या.

पुढे तिसरा भाग निघाला. त्यात नकाशेवाली सेनापतीशी लग्न करून मोकळी होते! माझा शेवट कितीतरी बरा होता. म्हणून मी तो नेटाने लिहून काढला आणि आईला विचारलं, "वाचून दाखवू?" तिला एकदम देवपूजा आठवली. शेवटी गुरुजींना गाठलं.

गुरुजी चपला शोधत म्हणाले, "ताई, तुमची कादंबरी चांगलीच असणार. पण तुमचा शेवट ऐकणारा माणूस सरळ मोक्षाला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी धाकटी अजून लग्नाची आहे."